झाकून ठेवलेला डोळा

गेल्या एकतीस वर्षांत वनमाला परबने काही हजार मुलांचे चांगले डोळे झाकले होते. नेमका आकडा तिला ठाऊक नव्हता आणि तो कुणी कधी विचारलाही नव्हता. मुलुंडच्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेली चिंचोळी खोली तिची. दारावर पाटी होती ‘दृष्टी तपासणी – लहान मुले’, पण खालच्या काउंटरवरून ओरडून सांगितलं जायचं ते, “पट्टीवाल्या बाईंकडे जा.”

काम साधं होतं. एखाद्या मुलाचा एक डोळा चांगला आणि दुसऱ्याचा नंबर मोठा असला, की मेंदू त्या दुसऱ्या डोळ्याचं धूसर चित्र हळूहळू घ्यायचंच बंद करतो. डोळा धडधाकट असतो, त्याचं ऐकणारं कुणी नसतं. याला म्हणतात आळशी डोळा. वनमालाला हे नाव कधी पटलं नाही. आळस मेंदूचा, बदनामी डोळ्याची. उपाय असा, की चष्मा द्यायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे मेंदूला नाइलाजाने कमजोर डोळ्याकडे वळावं लागतं. मुलं रडतात, पट्टी उपटतात, तिच्या कडेने बघतात. आजीआजोबांना दया येते आणि तेही उपटू लागतात.

या कामात वनमालाच्या दोन सवयी दवाखान्यात सगळ्यांना पाठ होत्या. एक म्हणजे, कुठला डोळा झाकायचा हे ती आईबापांकडून तीनदा वदवून घ्यायची आणि वर मुलाच्या त्याच बाजूच्या मनगटावर पेनाने ठिपका काढायची. शिकलेसवरलेले लोक वैतागायचे. एका बापाने तर “मी इंजिनीअर आहे मॅडम” असं सांगून पाहिलं होतं. वनमाला म्हणाली होती, “असाल हो. डोळा कुठला?”

दुसरी सवय एका वाक्याची होती. मूल आठ वर्षांवरचं असलं, की ती फाईल मिटायची आणि म्हणायची, “उशीर झालाय.” यात राग नसायचा, दुःखही नसायचं. स्टेशनवरचा माणूस गाडी गेली सांगतो तसं ती सांगायची. ती शिकली तेव्हा पुस्तकात तसंच होतं. आठ वर्षांनंतर मेंदूचं सिमेंट सुकतं. त्यानंतर पट्ट्या चिकटवणं म्हणजे पट्ट्यांचा नास. एकतीस वर्षं दिवसातून दोनतीनदा बोलून बोलून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं, की ते बोलताना तिला ऐकूही यायचं नाही. तिचं वय त्रेपन्न होतं, पाय संध्याकाळी सुजायचे, आणि लग्नाबद्दल नातेवाईक पूर्वी विचारायचे तेव्हाही तिने हेच वाक्य वापरून पाहिलं होतं. तिथेही ते लागू पडलं.

तर अशा वनमालाचा धाकटा भाऊ धोंडू, वय सत्तेचाळीस, मे महिन्यातल्या एका दुपारी उजव्या डोळ्याने आंधळा झाला.

धोंडूचं नाव धोंडू, कारण वनमालानंतरची दोन भावंडं वाचली नव्हती आणि तिसऱ्याला दगडाचं नाव ठेवलं तर तो टिकेल असा मोठ्यांचा हिशेब होता. तो टिकला. मुलुंडमध्येच राजेशभाईंच्या गाळ्यात चोवीस वर्षं लेथ मशीनवर पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या नळ्या काढत होता. त्या दुपारी एकच कड घासायची राहिली होती, म्हणून संरक्षक चष्मा डोळ्यांवर न ठेवता कपाळावर ठेवला होता. चष्म्याने कपाळाचं उत्तम रक्षण केलं. पितळेचा कपचा डोळ्यात गेला, दोन ऑपरेशनं झाली, दुसऱ्यानंतर सर्जन हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “दुसरा डोळा आहेच ना.”

दुसरा डोळा होता. पण तो आळशी होता.

सहा-साठ. म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे अक्षर दिसतं, ते तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर धोंडूच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरवरून कसंबसं दिसायचं. हे वनमालाला तपासून पाहायची गरज नव्हती. ते तिला वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत होतं, आणि त्याला कारण कोण हेही.

गोष्ट अशी, की धोंडू पाच वर्षांचा असताना पालिकेच्या इस्पितळातल्या डॉक्टरने डोळा तपासून सांगितलं होतं, डावा कमजोर आहे, उजवा झाका. त्यांचे वडील, ज्यांना मुलांसकट सगळे भाऊ म्हणायचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. त्यांना हे मुळीच रुचलं नाही. ते म्हणाले, “काम करणाऱ्याला घरी बसवायचं आणि कामचुकाराला पाळीवर घ्यायचं, हा कुठला न्याय?” त्याच वर्षी गिरण्या बंद पडल्या आणि सगळे कुडाळजवळच्या गावी गेले. तिथे भाऊंनी रीतसर देवाला विचारलं. गुरवाने देवाच्या दोन खांद्यांवर दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या, एक उजव्या डोळ्याची, एक डाव्याची. जी आधी पडेल तो डोळा झाकायचा. सगळे श्वास रोखून बसले. डावी पडली.

डॉक्टरने सांगितलेला डोळा आणि देवाने सांगितलेला डोळा असे दोन निघाल्यावर भाऊंच्या घरात मतभेदाला जागाच नव्हती. पट्टी डाव्यावर गेली. ती बांधायचं काम अकरा वर्षांच्या वनमालाकडे आलं. तिने ते इतकं नेकीने केलं, की शाळेत, ओहोळावर, नाटकाला, कुठेही धोंडूची पट्टी सुटली नाही. ज्या डोळ्याला जागं करायचं होतं, तो वर्षभर काळोखात ठेवला. मुंबईला परत आल्यावर डॉक्टरने विचारलं, “हे असं कुणी बांधलं?” तेव्हा वनमालाने शाबासकीच्या आशेने हात वर केला होता.

डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, “उशीर केलात.” त्यांनी पुन्हा बोलावलं होतं, पण भाऊंची नोकरी गेली होती, आणि ज्या डॉक्टरचं देवाशी जमत नाही त्याच्याकडे परत कोण जाणार.

जून उजाडला तरी धोंडू घरातच बसून होता. घर म्हणजे मुलुंड पूर्वेला दोन खोल्या. त्यात वनमाला, धोंडू, त्याची बायको विमला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई द्रौपदी. विमला सकाळी सातला ठाण्याच्या कंपनीत जायची. दिवसभर धोंडू आणि आई. तो दाराच्या चौकटीला आपटायचा, चहा कपाच्या शेजारी ओतायचा, आणि वर्तमानपत्र हातात धरून बसायचा, कारण त्या वेळी रोज तो ते धरून बसत असे.

राजेशभाई भेटायला आले होते. मोसंबी घेऊन. “धोंडू, तू माझा माणूस आहे,” ते म्हणाले. “पण इन्शुरन्सवाला माझा माणूस नाय. तो बोलतो, पेपर पायजे. सहा-बारा लिहून आण. दिवाळीपर्यंत तुझी जागा मी ठेवतो. नंतर मला पण धंदा आहे.”

“सहा-बारा म्हणजे किती रे?” धोंडूने विचारलं.

“ते मला काय माहीत? तुझी बहीण डोळ्याची आहे ना!”

सहा-बारा म्हणजे तक्त्यावर वरून पाचवी ओळ. धोंडू पहिल्या ओळीवर अडला होता.

दवाखान्यात दर गुरुवारी डॉ. समीक्षा तांडेल यायच्या. त्या डॉक्टर होत्या, पण औषध देणाऱ्या नव्हेत, मेंदूवर संशोधन करणाऱ्या. वेसावच्या कोळीवाड्यातल्या. आई अजून अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि मुलगी नक्की काय करते हे तिने गिऱ्हाइकांना सांगायचं केव्हाच सोडून दिलं होतं. समीक्षाबाईंचा अभ्यास असा होता, की मोठ्या माणसांचा आळशी डोळा सुधारू शकतो का. सिमेंट खरंच सुकतं का, की कुणी पाणी मारून पाहिलंच नाही. त्यासाठी त्या दवाखान्याच्या मोठ्या पेशंटांना एका पडद्यावर खेळ खेळायला लावायच्या आणि महिन्या-महिन्याला नजर मोजायच्या. मोजायचं काम वनमालाचं. दोन वर्षं ती ते करत होती आणि त्याबद्दल तिचं मत काय, हे समीक्षाबाईंनी एकदा विचारलं होतं. “तुम्ही तरुण आहात,” एवढंच वनमाला म्हणाली होती.

आता तीच भावाची फाईल घेऊन त्यांच्यासमोर बसली होती.

“अभ्यासात नाही घेता येणार,” समीक्षाबाई म्हणाल्या. “आमच्या नियमात दोन्ही डोळे पाहिजेत. पण परबताई, अशा केसेस आहेत. चांगला डोळा गेला, आणि मग कमजोर डोळा आपोआप थोडा सुधारला. सगळ्यांचा नाही. काहींचा. साठीतल्या माणसांचासुद्धा.”

“कसा?”

समीक्षाबाईंनी थोडा विचार केला. “तुमच्या सोसायटीत सेक्रेटरी कोण?”

“देसाई. बावीस वर्षं तेच.”

“सभेत दुसरं कुणी बोलतं?”

“पूर्वी गोडबोले बोलायचे. आता येतात, बसतात, चहा घेतात, जातात.”

“म्हणजे त्यांना बोलता येत नाही?”

“येतं हो. ऐकतंय कोण म्हणून सोडून दिलं.”

“उद्या देसाई गेले तर?”

वनमालाने हा प्रश्न मनावर घेतला. “पहिलं वर्षभर सभाच होणार नाही,” ती म्हणाली.

“तेच. पण नंतर गोडबोले उठतील. अडखळतील, नको ते बोलतील. उंदरांमध्ये आम्ही हे बघितलंय. मोठ्या उंदरांना दहा दिवस मिट्ट काळोखात ठेवलं, तर त्यांचा मेंदू पुन्हा लहानासारखा वागायला लागतो. शिकायला तयार होतो.”

“मग माणसांना का नाही ठेवत?”

“कमिटी परवानगी देत नाही.”

मग, का कोण जाणे, वनमालाने पाकळीची गोष्ट सांगून टाकली. बेचाळीस वर्षांत बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. समीक्षाबाईंच्या चेहऱ्यावर आधी सहानुभूती आली आणि तिच्या पाठोपाठ, आवरता न येणारं असं दुसरंच काहीतरी.

“म्हणजे पाचव्या वर्षी, वर्षभर, कमजोर डोळाच पूर्ण झाकलेला?” त्यांनी वही उघडली. “माफ करा हं, पण हे फार इंटरेस्टिंग आहे.”

“असेल,” वनमाला म्हणाली. तिला राग आला नाही. ती दमली होती. शिवाय तिच्या गुन्ह्याचा कुणाला तरी उपयोग होतोय, ही भावना अगदीच नवी होती.

मग सुरू झालं. डाव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. रोज तासभर समीक्षाबाईंनी दिलेल्या टॅबवर तरंगणारे ठिपके टिपायचा खेळ. आणि तासभर वनमालाची जुनी शाळा, म्हणजे वर्तमानपत्रातल्या प्रत्येक ‘व’चं पोट पेनाने भरायचं आणि दुपारी तांदूळ निवडायचे. सत्तेचाळीस वर्षांचा, हातात चोवीस वर्षांची कारागिरी असलेला माणूस ‘व’ रंगवत बसला. पहिल्या आठवड्यात त्याने ‘व’बरोबर ‘ब’, ‘क’ आणि एका मंत्र्याचं नाकही भरलं.

तांदळावर आईची देखरेख होती. ती मालवणीतच बोलायची, मुंबईत साठ वर्षं काढूनही. “नीट निवड रे मेल्या. काल माझ्या दाताखाली खडो इलो. आसत ते चार दात, तेतूर खडो!”

“आई, दिसत नाही गं मला.”

“दिसात. तो डोळो कोरो आसा तुझो.”

हा आईचा सिद्धांत होता, आणि तो अपघातानंतर महिन्याभरात पूर्ण तयार झाला होता. तिने तो वनमालाला रात्रीच्या जेवणावर ऐकवला. “उजवो जातलो ह्यां देवाक तेवाच म्हायत होतां. म्हणान सांगल्यान, डावो झाकून ठेवा. माळ्यार ठेयलेलां भांडां कसां कोरां ऱ्हवता? तसो. वापरूक नाय तर खराब कसो होतलो?”

वनमालाने घास खाली ठेवला. “आई, तो डोळा त्या झाकण्यामुळेच गेला.”

“खंय गेलो? आसा मगे हयसरच.” आईने धोंडूच्या तोंडाकडे बोट दाखवलं. “तुका शिकून काय कळला गो?”

वाईट याचं, की समीक्षाबाईही वेगळं काही म्हणत नव्हत्या. पडदा चांगला, भिंग चांगलं, नस चांगली, डोळा जवळजवळ न वापरलेला. आईचं आणि विज्ञानाचं एकमत झालं होतं. फक्त त्या दोघींना ते माहीत नव्हतं, आणि सांगायचं त्राण वनमालात नव्हतं.

जुलैअखेर धोंडू सहा-छत्तीसवर, म्हणजे दुसऱ्या ओळीवर आला. चष्म्याने तेवढं येतंच, असं वनमाला स्वतःला म्हणाली आणि कार्डावर लिहिलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी धोंडू आईकडे टक लावून बघत म्हणाला, “आई, तुझ्या हनुवटीवर केस आहे.”

“आता दिसलो तुका? वीस वर्सां झाली तेका.”

वनमाला ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बंद केला, कारण दूध उतू जाईल असं तिला वाटलं, आणि मग लक्षात आलं की गॅसवर दूध नव्हतंच. त्या गुरुवारी ती समीक्षाबाईंना म्हणाली, “गोडबोले बोलले.” समीक्षाबाईंनी टेबलावर मूठ आपटली आणि लगेच वहीत तारीख लिहिली.

सप्टेंबरात सहा-चोवीस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहा-अठरा. आणि तिथे गाडी थांबली. तीन आठवडे रोज ‘व’ भरले, तांदळात खडा सापडेना म्हणून आईने मुद्दाम टाकले, तेही त्याने वेचले, पण तक्त्यावरची पाचवी ओळ काही उलगडेना. दिवाळी आठवड्यावर आली.

शेवटची तपासणी गुरुवारी ठरली. धोंडू विमलाने इस्त्री केलेला शर्ट घालून आला. दुपारची गर्दी ओसरली होती, खोलीत दोघंच होते. तो खुर्चीत बसला, उजव्या डोळ्यावर त्याने सवयीने तळहात धरला, जरी आता झाकण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि समोर बघून म्हणाला, “ताई, हा पडद्यावरचा नको ना. तो जुना लाव. पुठ्ठ्याचा.”

“का?”

“तो पाठ आहे मला.”

हे खरं होतं. नव्वद-एक्याण्णव साली वनमाला शिकत होती तेव्हा तोच तक्ता घरी भिंतीला लावून धोंडूवर सराव करायची. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी त्याला पाढ्यांसारख्या यायच्या. तो पुठ्ठा अजून तिच्याच कपाटामागे होता. काढायला अर्धं मिनिट.

“आणि उद्या मशीनवर हात गेला तर तो पण पाठ आहे का?”

“चोवीस वर्षं झाली यार ताई. हातांना येतं ते. डोळे नुसते सोबतीला असतात.”

“सोबतीला होते म्हणूनच एक गेला.”

तो हसला नाही. “मग लिही काय लिहायचं ते. मी ‘व’ भरत बसतो. आयुष्यभर. पेपरवाल्याला सांग, दोन अंक टाक म्हणून.”

तिने पडदा सुरू केला. मशीन दर वेळी नवी अक्षरं टाकतं, पाठांतराला वाव नाही. चौथी ओळ त्याने सगळी वाचली. पाचव्या ओळीवर तो पुढे वाकला, मागे झाला, ओठ हलवत राहिला. “ग… नाही. र. स. मग… ते दोघं एकमेकांत घुसलेत गं. गर्दी आहे नुसती.”

पाचातली दोन. नियम तीनचा. वनमाला कार्ड हातात घेऊन उभी राहिली. तिचे पाय दुखत होते. तिला वाटलं, आपण आयुष्यभर ज्या खुर्चीपाशी उभे राहिलो, तिथे बसलेला माणूस कायम हाच होता. बाकीची हजारो मुलं नुसती मध्ये येऊन गेली.

मग तिचं लक्ष ‘गर्दी’ या शब्दावर गेलं. आळशी डोळ्याची ही खोड तिला पाठ होती, परीक्षेत चार मार्कांना आली होती. ओळीत अक्षरं एकमेकांना चिकटतात. तेच अक्षर एकटं दाखवलं तर दिसतं. म्हणून तर नियम ओळीचा आहे, सुट्या अक्षराने कुणी फसवू नये म्हणून. तिने बटण दाबलं. पडद्यावर एकच अक्षर उरलं, त्याच मापाचं.

“प,” धोंडू म्हणाला.

पुढचं.

“न. म. ल.” पाचवं चुकलं. तो थांबला. “हे बारीक होतं की मोठं?”

“तेच. सहा-बाराचं.”

“मग दिसतंय की मला!”

“एकटं असलं की दिसतंय.”

“अगं, मग लिही ना!”

कार्डावर फक्त एक आकडा लिहायची जागा होती. सुटा की ओळीतला, असं कुठला इन्शुरन्सवाला विचारणार होता? वनमालाने पेन टेकवलं. एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने या माणसाच्या डोळ्याशी भलतंच काही फार नेकीने केलं होतं. तिने लिहिलं, ओळीत सहा-अठरा. आणि खाली, रकान्याबाहेर, मराठीत, मोठ्या अक्षरात: ‘सुटी वस्तू एकेक करून दाखवल्यास सहा-बारा. फिरत्या यंत्रावर काम देऊ नये.’ सही केली. शिक्का मारला.

धोंडूने कार्ड नाकाजवळ नेऊन वाचलं. वाचता आलं, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. “वाट लावलीस,” तो म्हणाला आणि शर्टाच्या खिशात कार्ड दुमडून ठेवून जिना उतरून गेला. कठड्याला धरून, पण न आपटता.

तो कार्ड घेऊन तडक राजेशभाईंच्या गाळ्यात गेला. काय झालं ते त्याने संध्याकाळी जेवताना सांगितलं, तेही आईने दोनदा विचारल्यावर. राजेशभाईंनी कार्ड पाहिलं. पहिली ओळ वाचून मान हलवली. दुसरी वाचून म्हणाले, “हे ‘एकेक करून’ म्हणजे काय?” धोंडू रागातच होता. त्याने टेबलावरच्या ढिगातून एक बुश उचलला, डोळ्यासमोर धरला आणि म्हणाला, “म्हणजे हे. हा बाद आहे. आतल्या कडेला चरा पडलाय.” राजेशभाईंनी तो घेतला, बल्बखाली धरला. चरा होता. तपासणीच्या टेबलावरच्या पोराने तो पास करून ठेवला होता. त्याला दोन डोळे होते, आणि दोन्ही बहुतेक वेळ मोबाईलमध्ये.

“मग?” विमला म्हणाली.

“मग काय. सोमवारपासून तपासणीला बसायचं. एक बुश घ्यायचा, बघायचा, मोजायचा, ठेवायचा. मग दुसरा. दिवसभर. लेथला हात लावायचा नाही.” त्याने भात कालवला. “तांदूळ निवडण्यासारखंच आहे.”

“बघलंस?” आई वनमालाला म्हणाली. “देवाक नारळ देवक होयो.”

वनमालाने होकार दिला. वाद घालण्यापेक्षा नारळ सोपा पडतो.

धोंडू तिच्याशी तीन दिवस बोलला नाही. सोमवारी, पहिल्या पाळीनंतर, तो बाहेरच्या खोलीत चष्मा पुसत बसला होता. ती आत जाताना म्हणाला, “ताई, लेथचा आवाज येतो गं तिथपर्यंत.” तेवढंच.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी समीक्षाबाईंनी सांगितलं की धोंडूवर दोन पानी टिपण लिहायचंय, त्यात त्याचा उल्लेख ‘सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष’ असा येईल, आणि पाकळीबद्दल काय लिहावं हे त्यांना कळत नाहीये. “कौटुंबिक कारणांमुळे, असं लिहा,” वनमाला म्हणाली. मग तिने विचारलं, “आठ वर्षांनंतर नाही, हे पुस्तकात कुणी घातलं होतं?” समीक्षाबाई म्हणाल्या, ते उगाच नव्हतं, लहानपणी लवकर जमतं हे खरंच आहे. नंतर कमी जमतं, हळू जमतं, कित्येकांचं जमत नाही. “पण कमी म्हणजे शून्य नाही, परबताई.”

वनमालाने खालचा ड्रॉवर पायाने ढकलून बंद केला. त्यात मिटलेल्या फायली होत्या. फक्त गेल्या तीन वर्षांच्या. आधीच्या रद्दीत गेल्या होत्या.

पुढचा पेशंट आत आला. दहिसरहून आलेला एक बाप, सोबत अकरा वर्षांची मुलगी, वेणीला शाळेची रिबीन. शाळेच्या तपासणीत सापडलं होतं. उजवा चांगला, डावा सहा-साठ. वनमालाने कार्ड भरलं, वयाचा रकाना पाहिला, आणि तिच्या तोंडून ते वाक्य सवयीने बाहेर पडलं.

“उशीर झालाय.”

बापाने मान खाली घातली. मुलगी पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत होती. वनमालाला त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य ऐकू आलं. त्यात काही चूक नव्हती, फक्त ते अर्धंच होतं. तिने खुर्ची पुढे ओढली, पट्ट्यांचं पाकीट काढलं आणि मुलीचं उजवं मनगट हातात घेऊन त्यावर ठिपका काढला.

“डोळा कुठला झाकायचा?”

“पण मॅडम, उशीर झालाय म्हणालात ना?”

“झालाय. म्हणूनच आता वेळ घालवू नका. होईल की नाही ते मी सांगत नाही. डोळा कुठला?”

“उजवा.”

“परत.”

“उजवा. चांगला. उजवा.”

“आणि घरी जाऊन कुणाला विचारायचं नाही. आजीला नाही, शेजाऱ्यांना नाही.” तिने पट्टीचा कागद सोलला. “गावाला गेलात तर देवालासुद्धा नाही.”